नंदीबैलाचे मागचे पाय

नको ते कानावर पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात, असं मी समजत होते. अर्धवट लोटलेलं दार, जिन्याचा कठडा, लग्नातली हात धुवायची रांग. माझ्या कानावर ते पडलं बैलाच्या पोटात, रविवारी सकाळी, फतेगंजच्या भर रस्त्यात.

बैल खरा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल बाई काहीही ठोकून देते.

माझ्या धाकट्या दिराचा एक क्लब आहे. सगळे मोटारीतून फिरणारे लोक, आणि वर्षातून एकदा ते पायी चालतात. हिवाळा संपता संपता गावातल्या एका मुलांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी हा क्लब दौड ठेवतो. दौड म्हणायचं ते मन मोठं करून. लोक रमतगमत चालतात, गप्पा हाणतात, पदोपदी थांबून फोटो काढतात. अट एकच, सोंग घेऊन यायचं. कुणी भूत होतं, कुणी भाजीवाला, मागच्या खेपेला एक जाडजूड वकील फुलपाखरू झाले होते. यंदा दीर तरसालीला आमच्या घरी आला आणि म्हणाला, "दादा, वहिनी, या वेळेस आपली आखी फॅमिली उतरली पाहिजे. स्टेजवरून आपलं नाव बोलतील." 'आखी' आमच्या घरात गुजरातीतून आली आणि घरचीच झाली. आमच्याकडे फॅमिली 'आखी'च असते, 'सगळी' कधी नाही.

नंदीबैलाची कल्पना माझी. माझं माहेर डभोईचं. लहानपणी तिथे आमच्या दारात नंदीबैल यायचा, पाठीवर रंगीत झूल, गळ्यात घंटा. त्याचा मालक ढोलकं गुबूगुबू वाजवत विचारायचा, पाऊस पडेल का, पोरगी पास होईल का, आणि बैल मान हलवायचा. मी ते करून दाखवलं तेव्हा मुलगी हसून लोळली. ती कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, तिला आजकाल माझ्या कुठल्याच गोष्टीचं हसू येत नाही, त्यामुळे मला फार बरं वाटलं. मग पंधरवडाभर आमचा हॉल म्हणजे गोठा झाला. पुठ्ठ्याचं डोकं, फोमचं वशिंड, जुन्या दोन सोलापुरी चादरींचं अंग. झूल मुलीच्या गरब्याच्या जुन्या चणियाची, म्हणजे घागऱ्याची, आरसे लावलेली. ती मी हातानं शिवली.

आत दोन माणसं लागणार होती. पुढे आमचे हे, एकतर उंच म्हणून, आणि दुसरं म्हणजे धाकट्या भावासमोर मान हलवायचा त्यांना जन्माचा सराव म्हणून. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं आणि तेही हसले. मागे मुलगी, वाकून बापाची कंबर धरून. पुढच्या माणसाला बैलाच्या तोंडातून रस्त्याची एक पट्टी तेवढी दिसे, मागच्याला काहीच नाही. ढोलक्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून त्या दोघांनी खूण ठरवली. कमरेवर एकदा थोपटलं की हो, दोनदा थोपटलं की थांबा. मी डोक्याला फेटा बांधून, गळ्यात ढोलकं अडकवून पुढे चालणार होते, बैलाची मालकीण.

याच दिवसांत आमच्या महालक्ष्म्या घरात नव्हत्या. त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं.

भाद्रपदात गणपतीच्या मागोमाग आमच्याकडे महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. तीन दिवसांचं माहेरपण. त्यांचे शाडूचे मुखवटे सासूबाईंच्या सासूबाईंपासूनचे. वर्षभर ते देवघराखालच्या कपाटात मऊ फडक्यात असतात. सासूबाईंचे हात कापायला लागले त्या वर्षी त्यांनी मला पाटावर बसवलं, साऱ्या घराला बोलावलं, माझी ओटी भरली आणि दोन्ही मुखवटे माझ्या पदरात घातले. म्हणाल्या, "आता या तुझ्या. तुझे हात थकले की तू दे." एवढंच आमच्या घरचं शास्त्र. जिच्याकडे आहेत तिनं आपल्या हातानं, ओटी भरून द्यायच्या. मागायच्या नाहीत, उचलून न्यायच्या तर नाहीतच नाहीत.

डभोईच्या किराणा दुकानदाराची मुलगी मी. सासरी सगळे जुन्या राजवटीतल्या अधिकाऱ्यांचे वंशज, ताठ मानेचे. या घरात माझं असं काही म्हणाल तर त्या तीन दिवसांत असायचं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, चाळीसेक पानं, आणि प्रत्येक गोष्ट मला विचारून. नणंदा मला विचारत, जाऊ मला विचारे, हेसुद्धा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "अगं, आरती आता करायची का?" एरवी त्यांना मला विचारायचं कधी सुचत नाही.

तर त्या मुखवट्यांचे डोळे पुसट झाले होते. जुन्या गावात एक मूर्तिकार आहेत, उन्हाळा लागला की ते गणपतीच्या कामात बुडतात, म्हणून संक्रांत झाल्यावर हे आपणहून म्हणाले, "दे, मी रंगवायला टाकून येतो." मला त्याचंही कौतुक वाटलं. महालक्ष्म्या घराबाहेर रित्या पाठवू नयेत म्हणून मी नवा खण काढला, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड ठेवलं, दोघींना कुंकू लावलं आणि पिशवी यांच्या हातात दिली. मुलगी स्कूटरवर त्यांच्या मागे बसली, पिशवी मांडीवर सांभाळायला. मी दारातून म्हटलं, "लवकर या गं बायांनो." म्हटलं ते मुखवट्यांना. बापलेक दोघंही माझ्याकडे न बघता निघाले, हे मला आता आठवतं. तेव्हा वाटलं स्कूटर सुरू होत नसेल.

दौडीच्या दिवशी मैदानावर जत्रा भरली होती. दीर लाल झगा पाठीवर सोडून उडणारा वीर झाला होता. पोट सुटलेला वीर, पण झगा झकास. जाऊ पुठ्ठ्याचा मोठा पतंग झाली होती. तिला त्यात चालताच येईना, म्हणून ती शेवटच्या कमानीपाशी फोटोला थांबली. आमचा बैल आत शिरला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. पोरंटोरं भोवती गोळा झाली. "अरे नंदी, मारी परीक्षा रद थशे?" एकानं विचारलं, त्याला परीक्षा रद्द व्हायला हवी होती. यांनी जोरजोरात मान हलवली. मी ढोलकं घुमवलं. गुडघे कुरकुरत होते, पण इतकी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती. खरंच सांगते, त्या अर्ध्या वाटेपर्यंत मी सुखात होते.

कमाटीबागेच्या वळणावर पाण्याचं टेबल होतं. हे पुढे बैलाच्या तोंडातून नळी घालून पाणी पीत होते, तेवढ्यात मागची चादर वर करून मुलगी बाहेर आली. लालबुंद झालेली, केस गालाला चिकटलेले. "आई, मला गुदमरायला होतंय. तू जा ना आत. पप्पांना सांगत बसू नको, ते भाषण करतील." तिनं माझ्या डोक्यावरचा फेटा काढून आपल्या डोक्यावर बसवला, ढोलकं गळ्यात घातलं आणि मैत्रिणी दिसल्या तशी वाजवत पुढे पळाली. मी वाकून आत शिरले आणि यांची कंबर धरली. "झालं का पाणी पिऊन? चाल," ते म्हणाले. मी एकदा थोपटलं.

इतक्या वर्षांचा संसार, पण कमरेला हात कुणाचे आहेत ते त्यांना कळलं नाही. हे मला त्या क्षणी गमतीचं वाटलं होतं. म्हटलं, पोचल्यावर चांगली खेचू.

आत घामाचा आणि फेव्हिकॉलचा वास. पायाखालचा डांबरी रस्ता आणि यांच्या टाचा, एवढंच दिसत होतं. ढोलकं पुढे लांब वाजत होतं. मग बाजूला दिराच्या बुटांचा आवाज आला आणि तो बोलायला लागला.

"दादा, वहिनींना बोललास का नाही अजून? आता नाश्त्याला सगळी माझ्याच घरी येणार. देवघर बघणार ने ती."

"बघू दे ना," हे म्हणाले. "बघितलं की आपोआप कळेल. तुझे क्लबवाले असतील, चार लोकांच्या देखत ती काही बोलायची नाही."

"पण तू तर रंगवायला दिल्या बोलला होतास."

"मग रंगवल्याच ना? खोटं कुठे बोललो?"

दीर हसला. "ही म्हणते, वहिनींनी खण घालून, तांदूळ घालून पाठवल्या, म्हणजे ओटी भरूनच दिल्या. रीत पण झाली."

"तेच तर. तिच्या हातानेच दिल्यात. आणि आता तिचे गुडघे बघ. तुझा भायलीचा बंगला मोठा, माणसं येणारी-जाणारी, तिथेच शोभतात त्या. तिच्या भल्याचंच आहे, थोडे दिवस तोंड फुगवेल." मग त्यांनी मान जराशी मागे वळवली आणि आवाज खाली आणला. "बेटा, ऐकलंस ना? नाश्त्यापर्यंत आईला एक अक्षर नाही बोलायचं. आत्तापर्यंत कसं मस्त सांभाळलंस तू."

ते उत्तराची वाट बघत होते. मी त्यांच्या कमरेवर एकदा थोपटलं.

त्यानंतरची वाट मी कशी चालले ते मला विचारू नका. बाहेर पडता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना पोरं नंदी नंदी करत पळत होती, आणि त्यांच्यादेखत बैलाच्या पोटातून रडणारी बाई निघालेली मला चालणार नव्हती. मला संताप आला होता. दिराचा आला नाही, तो पहिल्यापासून दुसऱ्याच्या ताटातलं बघणारा. जावेचाही नाही. संताप आला तो ज्याची कंबर धरून मी चालत होते त्याचा. माझ्याच हातानं भरलेली ओटी यांनी माझ्याविरुद्ध वापरली. मी देवीला रितं पाठवलं नाही, हाच माझा गुन्हा ठरला. आणि मुलगी! तिच्या मांडीवर होती ती पिशवी. गेला महिनाभर मी तिच्याशी बोलत होते, नवे डोळे कसे दिसतील, यंदा साड्या कुठल्या रंगाच्या नेसवू, आणि ती "हो आई, हिरव्या छान दिसतील" म्हणत होती.

कमानीपाशी ध्वनिक्षेपकावरचा माणूस ओरडला, "नंदी आवी गयो! आगळ कोण छे, पाछळ कोण छे, बहार आवो!" यांनी डोकं काढलं आणि हसत हसत मागची चादर उचलली. मी कंबर सरळ करत उभी राहिले.

"तू?" ते म्हणाले. "कधीपासून?"

"पाण्याच्या टेबलापासून."

त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि आत ते एकेक वाक्य आठवत मागे मागे जात होते, ते मला दिसलं. शेवटचं वाक्य आठवलं तेव्हा त्यांनी बैलाचं डोकं छातीशी धरलं. मुलगी फेटा सावरत धावत आली, आमच्या दोघांकडे बघितलं आणि तिचं ढोलकं थांबलं. उत्कृष्ट सोंगाचं बक्षीस आम्हालाच मिळालं. मला त्यात नवल वाटलं नाही. फोटोत मी मधे आहे, सगळ्यांत नीट हसणारी मीच.

नाश्त्याला मी गेले. सगळ्यांना वाटलं होतं मी रिक्षा करून घरी जाईन, पण मला बघायच्या होत्या. दिराच्या नव्या देवघराला काचेची दारं, आत पिवळा दिवा. दोघी तिथे होत्या. डोळे नवे होते, मोठे, वर ओढलेल्या पापण्यांचे, आणि ओठ असे लाल की पान खाल्लंय. सासूबाईंच्या वेळची ती खाली झुकलेली नजर गेली होती. मूर्तिकाराचा दोष नाही, त्यांना जसं सांगितलं तसं त्यांनी केलं. पुढ्यात नैवेद्याची वाटी होती, म्हणजे पूजा लागली होती. पूजा लागलेल्या देवीला उठवायचं नाही, हे जावेला नवी नवरी असताना मीच शिकवलेलं. पतंग उतरवून ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही इतक्या छान ओटी भरून पाठवल्यात, मला तर रडूच आलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. क्लबवाले फाफडा-जलेबी हातात घेऊन मागे उभे होते. मी नमस्कार केला आणि हळदकुंकू वाहिलं. यांनी बरोबर ओळखलं होतं, चार लोकांच्या देखत मी काही बोलले नाही.

घरी येताना गाडीत, तरसालीच्या वळणावर मुलगी मागून म्हणाली, "आई, विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस ना. म्हणून."

मी मान वळवली नाही. वळवली असती तर जे बोलायचं नाही ते बोलून बसले असते.

दुपारी हे पलंगावर बसले होते. बैलाचे तुकडे हॉलमध्ये तसेच पडलेले. मी कपाट उघडलं, सगळ्यांत खालच्या कप्प्यातून एक पिशवी काढली आणि त्यांच्या समोर ठेवली. आत मोरपंखी रंगाची साडी होती, खण होता, हिरव्या बांगड्या होत्या.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"मागच्या भाद्रपदात तीन दिवस उभी राहिले आणि नंतर आठवडाभर मला जिना उतरता येत नव्हता. तेव्हाच मी ठरवलं होतं. ही साडी जावेसाठी आणून ठेवली. यंदा गौरी जेवायच्या दिवशी सगळ्यांच्या देखत तिला पाटावर बसवणार होते, ओटी भरणार होते आणि दोघींना तिच्या पदरात घालणार होते. सासूबाईंनी घातल्या तशा. तुम्ही विचारलं असतंत तर मी तेव्हाच सांगितलं असतं." मी बांगड्या साडीवर ठेवल्या. "मला द्यायच्या होत्या हो. तुम्ही त्या माझ्याकडून चोरल्यात."

त्यांनी ऐकलं. निम्मंच ऐकलं असणार, कारण हळूहळू त्यांचा चेहरा उजळायला लागला. खांदे सैल पडले. मी इतकी वर्षं ओळखते तो चेहरा, संकट टळल्याचा.

"म्हणजे तू देणारच होतीस?"

"हो."

"मग झालं तर!" ते म्हणाले. "अगं, मग प्रश्न कुठे राहिला? नकामं टेन्शन घेत होतो आपण सगळे." आणि मी समोर उभी असताना त्यांनी मोबाईल उचलला आणि भावाला लावला. "अरे, काही नाही रे, ती तर राजीच होती! आधीपासून राजी होती! साडीसुद्धा आणून ठेवलीय." पलीकडून दिराचं मोठ्यानं हसणं माझ्यापर्यंत आलं. मग जावेचा आवाज आला, ती काहीतरी मागत होती. यांनी हसत हसत फोन माझ्याकडे केला. "घे, ती खूश झालीय. तुला थँक्यू म्हणायचंय तिला."

मी फोन घेतला. ती म्हणाली, "वहिनी, तुमचं मन किती मोठं आहे." मी म्हटलं, "असू दे गं." आणखी काय देणार होते? देण्यासारखं माझ्या हातात त्यांनी काही ठेवलंच नव्हतं.